वय ५४, पालकांची संमती आवश्यक

महाराष्ट्रात ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस असतो. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांच्या आसपासच्या दुकानांतल्या शाली संपतात, नारळ संपतात, आणि ‘आपल्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे’ हे वाक्य एकाच हॉलमध्ये पाळीपाळीने म्हटलं जातं. एका पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मली असावीत, असं वाटण्याजोगी ही गर्दी. मूल शाळेत घालायला आणलं आणि आईबापांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला शालींची टंचाई.

मीही कागदोपत्री १ जूनचाच. आईच्या मते माझा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, भर पावसातला. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहिलेली असल्यामुळे आईच्या म्हणण्याला कायदेशीर आधार उरलेला नाही.

मात्र गुरुजींनी पडताळणी केली होती, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला लावला. कान हाती आला म्हणजे मूल सहा वर्षांचं झालं, नाही आला तर पुढच्या साली या. मला आला. झाला प्रवेश.

हे पुराण आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीतला प्रजासत्ताक दिनाचा परिसंवाद. झेंडावंदन झालं की जिलेबी येईपर्यंतचा वेळ भरून काढायला तो ठेवतात. यंदा विषय होता, ‘मुलांचं ऑनलाइन वय कोणी तपासायचं?’ आपल्याकडचे डेटा संरक्षणाचे नियम सरकारने १४ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन बालदिनी, जाहीर केले होते. १० डिसेंबरला ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायची बंदी केली, आणि पाळली नाही तर कंपन्यांना ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर ‘आपल्याकडेही हवं’ आणि ‘आपल्याकडे चालणार नाही’ असे दोन पक्ष पडले होते. मी दोन्ही पक्षांत होतो. ग्रुपवरचे सगळ्यांत लांब मेसेज माझे असल्यामुळे वक्ता म्हणून माझं नाव एकमताने निघालं.

मी तयारीला लागलो. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा वाचला. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक. बालकाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, बालकावर पाळत ठेवायची नाही, त्याच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. मुलांसंबंधीचा हा भाग नियम जाहीर झाल्यावर १८ महिन्यांनी लागू होणार, तोवर कंपन्यांनी तयारी करायची. अमेरिकेने १९९८ च्या कायद्यात ही रेघ १३ व्या वर्षावर ओढली, युरोपने १६ वर ओढून १३ पर्यंत खाली आणायची सवलत दिली. आपण एकदम १८ वर नेली. म्हणजे कॉलेजात जाणारा, मोटारसायकलचं शिकाऊ लायसन घ्यायच्या बेतात असलेला मुलगाही खातं उघडण्यापूर्वी आईला विचारणार.

नियमांत समजावून सांगण्यासाठी चार उदाहरणं दिली आहेत. त्यांतल्या मुलीचं नाव ‘सी’, आईचं ‘पी’ आणि कंपनीचं ‘डीएफ’. मला ही सी फार आवडली. दोन उदाहरणांत ती आपण लहान आहोत हे स्वतःहून सांगते, उरलेल्या दोनांत तिची आईच पुढे होऊन खातं उघडायला येते. चारही ठिकाणी सी एकदासुद्धा खोटं बोलत नाही. अशी मुलगी आमच्या सोसायटीत एकाही मजल्यावर राहत नाही.

पुढची गंमत अशी, की पी सज्ञान आहे आणि तिची ओळख पटते आहे, एवढ्याचीच खात्री कंपनीने करायची. तिचं वय कंपनीच्या दफ्तरी आधीच असेल तर ते पाहायचं, नाहीतर तिने दाखवलेल्या कागदावरून किंवा डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून मिळालेल्या टोकनवरून ठरवायचं. ती सीची खरोखरच आई आहे का, हा प्रश्न मागे राहतो. ‘सजग पालक हीच खरी पडताळणी’ असं ठणठणीत वाक्य शेवटी टाकून मी भाषण पुरं केलं आणि माझ्या खात्यात जपून ठेवलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण शनिवार-रविवार जोडून सुट्टी आल्यामुळे बारा वर्षांचा भाचा राहायला आला होता, आणि त्याच्यापुढे अभ्यासू दिसायची मला हौस. मुलांना पडद्यावर काय दिसतं हे पाहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलणं बरं नाही, असं त्याला सांगत मी माझ्याच खात्यातल्या जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि वर्षांचं चाक २०१३ पर्यंत फिरवलं.

“मामा, नको,” भाचा म्हणाला.

मी ‘जतन करा’ दाबलं. खातं त्या क्षणी बंद झालं. पडद्यावर एक हसरं अस्वल आलं आणि म्हणालं, तू अजून लहान आहेस, आईला किंवा बाबांना बोलाव.

मेल गेली, फोटो गेले, भाषण गेलं. तेरा वर्षांखालच्या मुलाला पालकांशिवाय खातं ठेवता येत नाही हा खातं देणाऱ्या कंपनीचा नियम मी भाषणात उद्धृत केला होता, पण ते आता वाचून कोण दाखवणार? लहान व्हायला कोणताही पुरावा लागला नव्हता, एक बोट पुरलं होतं. मोठं व्हायला मात्र कागद मागत होते. ओळखपत्राचा फोटो, चेहऱ्याची तपासणी किंवा पालकांची संमती, अशी तीन दारं अस्वलाने उघडी ठेवली होती.

ओळखपत्र द्यायला मी कचरलो. भाषणाचा मधला भागच मुळी त्याविरुद्ध होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीने जाहीर केलं होतं, की तिच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. हे फोटो लोकांनी दिले होते ते आपण लहान नाही हे सिद्ध करायला. एखाद्याचं वय तपासायचं म्हणून त्याचा पत्ता, फोटो आणि नंबर साठवला, की राखायला नवा खजिना आणि चोरालाही नवं घर, असा माझा मुद्दा होता. तो मनात एकवार घोळवला आणि आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून दिले. कार्डाच्या लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत होती म्हणून ते परत आले. ट्यूबलाइट बंद करून पुन्हा पाठवले, तर खात्यावरची पूर्वीची तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची आणि कार्डावरची १ जून. खात्यात मी आईची तारीख भावनेच्या भरात घातली होती. अस्वल म्हणालं, माहिती जुळत नाही.

मग चेहरा. समारंभासाठी मी मिशा काढल्या होत्या आणि केस काळे केले होते. कॅमेऱ्याने मला डावीकडे बघायला लावलं, उजवीकडे बघायला लावलं, हसायला लावलं, आणि वयाची खात्री करता येत नसल्याचं कळवलं. हे मी बायकोला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पुन्हा चष्मा पुसून बघ.”

भाच्याकडे उपाय होता. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये वयतपासणी सक्तीची झाली, तेव्हा काहींनी डेथ स्ट्रँडिंग नावाच्या व्हिडिओ गेममधल्या नायकाचा चेहराच कॅमेऱ्यापुढे धरून तपासणी पार केली होती. आमच्याकडे तो गेम नव्हता. बैठकीत आजोबांचा फोटो होता. भाच्याने मोबाइल तिकडे धरला, वय निश्चितच पुरेसं होतं, पण कॅमेऱ्याने त्यांना मान डावीकडे वळवायची आज्ञा केली. हयातीतही आजोबांनी कुणाच्या सांगण्यावरून मान वळवली नव्हती.

उरली पालकांची संमती. आई देवघरापाशी वाती वळत बसली होती. मी मोबाइल पुढे करून म्हटलं, “इथे फक्त ‘होय’ दाबायचं.”

“कशाला होय?”

“सगळे दाबतात.”

“सगळे कोण? आणि काय काय विचारणार आहेत तुला?” तिने चष्मा चढवला आणि भाच्याला मोठ्याने वाचायला बसवलं. कोणती माहिती घेणार, ती कशासाठी, कुणाला दाखवणार, किती दिवस ठेवणार, उद्या नको वाटलं तर बंद कुठून करायचं, एकेक प्रश्न तिने काढला. २०२३ च्या कायद्याने कंपन्यांना सांगितलं आहे ते जवळजवळ हेच. काय घेता आणि कशाला, हे आधी सांगा, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं ठेवा. त्या कायद्यावर भाषण लिहिणाऱ्या मी आयुष्यात अशा एकाही मजकुराच्या तळाशी पोचलो नव्हतो.

“बरं,” शेवटी ती म्हणाली, “पण मी मोठी आहे हे त्यांना कसं कळणार?”

तिच्या आधारवर ओटीपी येणार होता. आला. माझ्या मोबाइलवर. आईचं आधार, बँक, पेन्शन, सिलिंडर, सगळं माझ्या नंबरला जोडलेलं आहे. म्हणजे बालकाच्या खात्याला पालकाने दिलेली पडताळलेली संमती सहा आकडी रूपात बालकाच्याच हातात पडली. भाच्याने जीभ चावली. मी कारण विचारलं. त्याच्या घरी आईवडिलांच्या मोबाइलवरचे ओटीपी तोच वाचतो, असं कळलं. घराघरांत बँकेचं ॲप पोरंच चालवतात, मग संमतीची किल्ली नेमकी कुणाच्या खिशात असणार?

“टाकतो,” मी आकडे टाकायला बोट उचललं.

“थांब. ओटीपी कुणाला वापरू द्यायचा नाही, बँकेचा माणूस आला तरी नाही, हे कुणी शिकवलं मला?”

“मीच. पण मी तुझा मुलगा आहे.”

“ते त्यांना कुठं ठाऊक आहे?” आई म्हणाली. तिने मोबाइल काढून घेतला, आकडे स्वतः शोधून शोधून टाकले, आणि अस्वलाने टाळ्या वाजवून सांगितलं की अर्ज तपासणीला गेला आहे.

सोमवारी मी भाषणाविना उभा राहिलो. माझ्याआधी एका वकीलबाईंनी कायद्याची बाजू मांडली. कंपन्या मुलांच्या सवयी विकून पैसा करतात, तेव्हा कुणीतरी दार लावलंच पाहिजे, या त्यांच्या बोलण्यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या मजल्यावरचा संगणक अभियंता म्हणाला, की लहान मूल ओळखायचं तर मोठ्यांनाही कागद दाखवावेच लागतील, तेव्हा ही तपासणी मुलांची नसून सगळ्या गावाची आहे. त्यालाही तितक्याच टाळ्या पडल्या. जिलेबीची वेळ होत आली होती.

मी कानाची गोष्ट सांगितली. गुरुजींना हवं होतं तेवढंच, शाळेच्या वयाचा की नाही, ते कानाने सांगितलं. माझं नाव, जात, पत्ता कानाला माहीत नव्हता, आणि कान सोडला की पुरावाही नाहीसा झाला. डिजिटल टोकनाने नेमकं हेच साधायला हवं, ‘अठरा पूर्ण’ एवढं सांगावं आणि गप्प बसावं. मी रंगात येत असताना पहिल्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, “उंच पोरं पाचव्या वर्षीच कान धरायची, आणि आखूड हातांची आठव्या वर्षीही मागं राहायची.” यंत्रांच्या चेहरातपासणीवर जो आक्षेप घेतात तो त्यांनी कानावर घेतला. चूक पदरी येते ती नेहमी काठावरच्या मुलाच्या. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. जिलेबी आली.

पुढे माझं खातं परत मिळालं, पण बालकाचं म्हणून, आईच्या देखरेखीखाली. रात्री साडेनऊला ते मिटतं. कोणतंही नवं ॲप घ्यायचं तर तिची परवानगी मागावी लागते, आणि ती प्रत्येक वेळी “कशाला?” विचारते. बहुतेक वेळा मला सांगता येत नाही. पण एक फरक हळूहळू जाणवला. गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती गेल्या. मी एकदा टक्कल हा शब्द शोधला म्हणून महिनोन्महिने माझ्यामागे फिरणारे केसांचे डॉक्टर गेले. मी कुठे गेलो, कशापाशी थांबलो, काय खरेदी करता करता सोडून दिलं, याची आठवण मला कुणी करून देत नाही. जे संरक्षण मुलांना द्यायचं म्हणून देशोदेशी एवढी कागदपत्रं तपासायची चालली आहेत, ते मोठ्यांनाही काही वाईट लागत नाही. पाळत कुणावरच ठेवायची नाही असं ठरलं, तर दारात उभं राहून प्रत्येकाचं वय विचारायची निम्मी गरज संपते. मुलांनी काय पाहावं हा प्रश्न तरीही उरतो, पण त्यासाठी कंपनीने त्यांच्या मागे फिरायची गरज नसते.

परवा कंपनीचा निरोप आला. जन्मतारीख दुरुस्त करून प्रौढ खातं हवं असल्यास नवं ओळखपत्र जोडा, अन्यथा २०३१ साली आपण आपोआप सज्ञान व्हाल. मी तो आईकडे पाठवला. नियमानुसार हा निर्णय पालकांनी घ्यायचा आहे, आणि तिने अजून होय म्हटलेलं नाही.