नावावर एक शेळी

नाताळात भेटी वाटणाऱ्यांचे मूळपुरुष म्हणजे संत निकोलस. चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. त्यांची सगळ्यात गाजलेली भेट कोणती? आख्यायिका अशी की, एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं व्हावीत म्हणून त्यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. म्हणजे चक्क हुंड्याची सोय! आजच्या नैतिक भेटींच्या कसोटीवर खुद्द सांताक्लॉजच पहिल्या फेरीत बाद, तिथे तुमची-आमची काय कथा?

कसोटीही भलती कडक. चॉकलेट घ्यावं तर जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि तिथल्या मळ्यांत लहान मुलंही राबतात. स्वेटर घ्यावा तर तो कुणी आणि किती मजुरीवर शिवला? वेष्टनाचा कागद चकचकीत असला तर त्याचा पुन्हा कागद होत नाही. मग सज्जन माणूस शेवटी शेळीकडे वळतो.

ऑक्सफॅमसारख्या संस्थांनी ब्रिटनमध्ये ही पद्धत रूढ केली. तुम्ही पैसे भरायचे, शेळी दूरच्या एखाद्या गरजू कुटुंबाला, आणि तुमच्या आप्तांना शेळीचं चित्र असलेलं कार्ड. आमच्या नात्यातल्या एका मावशींना इंग्लंडातल्या भाचीकडून असं कार्ड आलं. मावशींनी ते उलटसुलट करून पाहिलं, पाकीट झटकलं आणि फोन लावला.

"शेळी माझ्या नावावर आहे म्हणतेस, मग दूध कोण पितं?"

"अगं मावशी, आफ्रिकेतल्या एका बाईला दिलीय. तुझ्या नावाने."

"तिला सांगितलंय का माझं नाव?"

भाची गप्प. त्यात अशा कार्डांवर बहुधा तळाशी बारीक अक्षरांत असतं की पैसे गरजेप्रमाणे दुसरीकडेही वापरले जातील. "म्हणजे शेळीसुद्धा नक्की नाही!" मावशी म्हणाल्या आणि कार्ड फ्रिजवर लावून टाकलं.

शेळीची चेष्टा करावी असं मात्र मला वाटत नाही. या कल्पनेमागे डॅन वेस्ट नावाचा एक अमेरिकन शेतकरी आहे. स्पॅनिश यादवी युद्धात निर्वासितांना मोजूनमापून दूध वाटताना त्याच्या मनात आलं, की कपभर दुधापेक्षा यांना गायच का देऊ नये? 1944 मध्ये त्याच्या संस्थेच्या पहिल्या कालवडी जहाजाने पोर्तो रिकोला गेल्या. अट एकच: गायीला पहिली कालवड झाली की ती दुसऱ्या गरजू घराला द्यायची. आपल्याकडचा ब्लाउजपीसही असाच घरोघर फिरतो, पण त्याला कालवड होत नाही.

अर्थात आक्षेप इथेही आहेतच. प्राणिप्रेमी विचारतात, दुष्काळी मुलखात शेळीला चारापाणी कुठून आणायचं? प्रश्न रास्त आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या व्यवहारात देणाऱ्याला पुण्य मिळतं, आफ्रिकेतल्या बाईला शेळी मिळते आणि मावशीला मिळतो धडा. भेट म्हणून धडा कुणालाच नको असतो, मग तो कितीही पुनर्वापर केलेल्या कागदावर छापलेला असो. निकोलस या बाबतीत शहाणा होता. थैली टाकली आणि निघून गेला, सोबत माहितीपत्रक ठेवलं नाही.

तेव्हा शेळी जरूर द्या, पण स्वतःच्या नावाने द्या. मावशीला चॉकलेट पाठवा. घानातल्या कोको शेतकऱ्यांनी 1993 मध्ये क्वापा कोकू नावाची सहकारी संस्था काढली (सहकार म्हटलं की आपल्याला फक्त ऊस आठवतो!), आणि डिव्हाइन नावाच्या चॉकलेट कंपनीत तिचा मालकीचा वाटा आहे. हे सगळं तुम्ही मावशीला सांगायची गरज नाही. वेष्टनावर छापलेलं असतं. वाटलं तर त्या वाचतील, नाहीतर नुसतं चॉकलेट खातील.