भाडेकरूसह विकणे आहे

वेंगुर्ल्यात एक गाळा विकायचा आहे. १२० चौरस फूट, कौलारू, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला. जाहिरातीच्या सुरुवातीला ‘त्वरित’ आहे, पण ते मनावर घेऊ नये. कोकणात एकेका कागदावर इतके सामायिक असतात की सगळ्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत निदान एकाचे तरी वारस लावावे लागतात. शेवटी, जरा दबक्या आवाजात, लिहिलंय : ‘भाडेकरूसह’.

मुंबईची आगबोट लागायची तेव्हा बंदराच्या रस्त्याला भाव होता. आता तिकडे मासेमारीच्या होड्या आणि संध्याकाळचे पेन्शनर. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, ती कुडाळ-सावंतवाडीवरून परस्पर गोव्याला गेली. २०२१मध्ये तालुक्यातल्या चिपीला विमानही उतरलं. पण विमानातून उतरणारा माणूस १२० फुटांत काय करणार?

तर आमच्या एका मेहुण्यांना हा गाळा घ्यायचा होता. किंमत कमी, म्हणून ते खूश. किंमत का कमी, हे आत बसलं होतं : एक शिंपी, वडिलांपासूनचा भाडेकरू, मशीनही वडिलांचंच.

मेहुण्यांनी वकील गाठला. वकील म्हणाले, १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मालक बदलला म्हणून भाडेकरू उठत नाही. तुम्ही फक्त जुन्या मालकाच्या जागी उभे राहता. आणि १९९९चा भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं. इथलं भाडं दोनशे रुपये. म्हणजे आठ रुपये वाढ, आणि ती मागायला मुंबईहून यायचं. मेहुण्यांचा चेहरा पडला.

मला मात्र शिंप्याची बाजू पटते, आणि ती कायद्यामुळे नाही. याच गावात डचांची वखार आहे, सतराव्या शतकातली. मोठी दगडी वास्तू, भाडेकरू एकही नाही. परिणाम असा की छप्पर गेलं आणि भिंतींचा ताबा झाडांच्या मुळांनी घेतला. त्यांना ना नोटीस देता येते, ना कोर्टात खेचता येतं. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस बंद दाराला कधी सोडत नाही. शिंप्याचा गाळा उभा आहे, कारण रोज सकाळी कुणीतरी त्याच्या फळ्या काढतं, केर मारतं, वाळवी दिसली की रॉकेल ओततं. मालकांपैकी कितीजणांनी आजवर तिथे झाडू धरला असेल? खरं तर राखणदारीचा पगार त्यानेच मागायला हवा होता. तो बिचारा वर दोनशे रुपये देतो.

मेहुणे शेवटी समक्ष बोलायला गेले. उठायचं काय घ्याल, असं विचारायचं ठरवून गेले होते.

“गाळो तुमी घेतास? बरां झाला,” शिंपी म्हणाला. “येवा, बसा. चाय सांगतंय.”

चहा आला. मेहुण्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात शिंप्याने टेप गळ्यात टाकली आणि वर बोट केलं.

“कागद झालो की पयली कौलां परतून घेवा. मिरगाआधी. जुने मालक आयकनत नाय.”