शिकून काय फायदा?

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की वाटेत अडाण नदी लागते, आणि नदीला लागून बोरी अरब. पुलावर पाणी आलं की एसटी थांबते, एसटी थांबली की माणसं टपरीवर जमतात, आणि माणसं जमली की कोणीतरी तो सवाल टाकतोच : शिकून काय फायदा? निमित्ताची वाण नसते. बीएड झालेला पोरगा मोबाइलच्या दुकानात रिचार्ज मारताना दिसला तरी पुरतं. "आमचा आबाजी अंगठेबहाद्दर होता, पन आभायाकडं पाहून पानी सांगे," असं एक गृहस्थ ठासून सांगतात. हेच गृहस्थ नातवाच्या यवतमाळच्या क्लासची फी न चुकता भरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी बोलत नाही. बोललं तर वादाची मजा जाते.

शिक्षणापेक्षा अनुभव मोठा, हे छातीठोकपणे सांगणारी माणसं मला दोनच जातीची दिसली आहेत. ज्यांना शिकायला मिळालं नाही ती, आणि ज्यांचं पोटभर शिकून झालंय ती. मधला, बारावीत गणित राहिलेला, मुकाट्यानं चहा पितो.

अनुभव म्हणजे काय चीज आहे ते कापसाच्या हंगामात दिसतं. मुरलेला व्यापारी गाडीजवळ येतो. वरचा पांढराशुभ्र कापूस तो बघतही नाही. तो वर का ठेवलाय हे त्याला माहीत असतं. कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातून मूठभर कापूस काढतो, दाबतो आणि सोडतो. सुटल्यावर तो किती फुलून येतो यावर नजर. मग चिमटीत धागा ओढून लांबी बघतो. शेवटी एक सरकी दाताखाली धरतो. कट्ट वाजली तर वाळलेली, दबली तर ओली. एवढं झालं की भाव सांगतो. त्याला कोणत्याही विद्यापीठानं हे शिकवलेलं नाही आणि शिकवूही शकणार नाही.

सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर हेच काम मीटर करतं. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्यावर टक्क्या-टक्क्याला कपात, आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. आता गंमत अशी की, टपरीवर अनुभवाच्या बाजूनं गळा काढणारे सगळे कापूस विकायच्या वेळी मीटरकडे धावतात. कारण साधं आहे. मीटरशी भांडता येतं. "सायेब, इकडून लावा ना, तिकडचा दवात भिजला," असं म्हणता येतं, आणि आकडा चारचौघांना दिसतो. व्यापाऱ्याच्या दाताशी कसं भांडणार? त्याचा अनुभव शंभर टक्के खरा असतो; फक्त तो त्याच्या मालकाच्या बाजूचा असतो.

मला या सगळ्या वादात हीच गोष्ट राहून गेलेली दिसते. अनुभव ज्याचा त्याच्यापाशी राहतो. लिहिलेलं, मोजलेलं दुसऱ्याच्या तोंडावर ठेवता येतं.

आणि अनुभवही शिळा होतो बरं का. पाऊस यायच्या आधी कोरड्यातच कपाशी लावायची, ती धूळपेरणी, एके काळी शहाणपणाची खूण होती. पीक पुढे निघायचं. गुलाबी बोंडअळी आली आणि तेच शहाणपण अंगलट आलं. लवकर लावलेल्या कपाशीच्या फुलांनी अळीची आयती सोय केली. विद्यापीठ सांगतं, कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले की फवारणीचं बघा. निंदायला आलेल्या बाया सापळा बघत नाहीत. त्या पाकळ्या चिकटून मिटलेलं फूल, म्हणजे डोमकळी, चालता चालता खुडतात आणि आतली अळी बोटानं काढून दाखवतात. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण सापळ्याचा हिशेब नातवाकडे असतो आणि डोमकळ्या आजीच्या ओट्यात.

फवारणीवरून आठवलं, आणि इथे हसू आवरतं. 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक माणसं गेली. शेकडो दवाखान्यात होती. त्यातल्या कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं पंप पाठीवर घेतला होता. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि आजवर काही झालं नाही, मग आज काय होणार, हा अनुभव पाठीशी होता. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा खुणेचा रंग असतो. लाल सगळ्यात जहाल. सोबतच्या घडीपत्रिकेत सगळं लिहिलेलंही असतं, पण अक्षर असं बारीक की एमएस्सी झालेल्यानंही भिंग आणावं. छापणाऱ्याला शिक्षण होतं, अक्कल नव्हती, असं म्हणून मोकळं होता येतं; पण बारीक छापण्यात अक्कल नव्हती असं मला तरी वाटत नाही.

दादाजी खोब्रागड्यांची गोष्ट विदर्भात सगळे सांगतात. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शाळा तिसरीपर्यंत, शेत दीडएक एकर. 1983 मध्ये पटेल-3 या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. त्यातून निघाला बारीक, चवदार तांदूळ. व्यापाऱ्यानं त्याला त्या काळी मनगटा-मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव दिलं : एचएमटी. घड्याळाचा कारखाना केव्हाच बंद पडला. तांदूळ अजून किराणा दुकानात पोत्यांनी उभा आहे.

पुढे कृषी विद्यापीठानं हे बियाणं नेलं, शुद्ध केलं आणि 1998 मध्ये पीकेव्ही एचएमटी या नावानं आणलं. आपलं नाव त्यात कुठं नाही, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली. 2005 मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते गौरव झाला, 2010 मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, आणि 2018 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हाही हातात फारसं काही नव्हतं. टपरीवर ही गोष्ट 'बघा, तिसरी पास माणूस!' म्हणून सांगतात. मला ती उलटी दिसते. लोंबी ओळखायला तिसरीसुद्धा लागली नाही. ती माझी आहे हे कागदावर उमटवायला मात्र तिसरी कमी पडली.

अकोल्याच्या त्या विद्यापीठाला नाव आहे डॉ. पंजाबराव देशमुखांचं. पंजाबराव शेतकऱ्याचे चिरंजीव. परदेशात जाऊन त्यांनी वेदवाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट केली, वर बॅरिस्टरी, आणि मग 1952 पासून दहा वर्षं देशाचं शेतीखातं सांभाळलं. म्हणजे अकोल्यात दरवर्षी शेतीच्या पदव्या वाटल्या जातात त्या शेतीची पदवी नसलेल्या माणसाच्या नावानं. टपरीवर हा मुद्दा मी अजून काढलेला नाही. दोन्ही बाजू तो आपलाच म्हणतील.

अलीकडे हमीभावानं कापूस द्यायचा तर मोबाइलवर 'कपास किसान' ॲपमध्ये नोंद करावी लागते. परवा एका ओसरीवर नातू नोंद करत होता, आजोबा शेजारी.

"आबाजी, चार एकराचे हेक्टर किती?"

नातवानं कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत आजोबा म्हणाले, "एक साठ लिही."

"एक बासष्ट येते."

"मंग काहून विचारतं बे?"

दोघांची जुंपली. शेवटी सातबारा काढला. त्यावर होतं 1.57. ॲपनं तेवढंच घेतलं.