फ्रेंचचे अपेक्षित

अभिनंदन! आठवीला भाषा निवडायचा फॉर्म घरी आला, आईने सोसायटीतल्या तीन आयांना फोन केले, आणि संस्कृत-हिंदीला वळसा घालून तुमच्या नावापुढे फ्रेंच लागलं. का, ते विचारू नका. कारण महाराष्ट्रभर एकच आहे: फ्रेंच स्कोअरिंग आहे. संस्कृतही स्कोअरिंग असतं, पण त्यात एक धोका आहे. ते आजोबांना येतं. रूप चुकलं की पेपर टाकून ते चष्मा पुसायला लागतात. फ्रेंचची चूक पकडू शकेल असा माणूस आपल्या घरात नाही, शेजारी नाही आणि गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकारिणीतही नाही. एवढी सुरक्षित भाषा दुसरी कुठली?

पहिल्या तासाला मॅडम एक छापील कागद वाटतील. शीर्षक: 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. वर्गात फ्रेंचच बोलावे, रोज उजळणी करावी, चुकण्याची लाज बाळगू नये, शेजाऱ्याच्या वहीत पाहू नये. हा कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, खाली पालकांची सही घ्या आणि ते पान पुन्हा उघडू नका. परीक्षेला अपेक्षा येत नाहीत, अपेक्षित येतं. ते पुढे दिलं आहे.

१. हजेरी देताना व्याकरण पाळा.

मुलाने 'प्रेझाँ' म्हणायचं, मुलीने 'प्रेझाँत'. शेवटचा 'त' मुलींचा. वर्षभरात हा एकच नियम तुम्हाला पक्का येणार आहे, कारण तो जीवनोपयोगी आहे. बाकावरच्या मैत्रिणीची प्रॉक्सी देताना आवाज बारीक करून भागत नाही, 'त' लावावा लागतो. तो विसरल्याने पकडली गेलेली मुलं मी पाहिली आहेत. व्याकरणाची भीती मनात बसते ती अशी.

२. वर्गात फक्त फ्रेंच बोला.

म्हणजे बोलू नका. या नियमामुळे फ्रेंचचा तास शाळेतला सर्वांत शांत तास असतो. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना कौतुकाने थांबतात.

अगदीच तोंड उघडायची वेळ आली तर तीन वाक्यं पुरतात. 'झ न से पा', मला माहीत नाही. 'झ न काँप्राँ पा', मला समजत नाही. आणि तिसरं, ज्यावर आमच्या अख्ख्या बॅचने दहावी काढली: 'एस-क झ पो आले ओ त्वालेत?' मी स्वच्छतागृहात जाऊ का? हे वाक्य मला आजही झोपेतून उठवून विचारलंत तरी अस्खलित येतं. तीन वर्षांची फी वाया गेली असं कोणी म्हणू नये.

३. उच्चार नाकात ढकला.

फ्रेंचचे काही स्वर नाकातून येतात. सर्दी झाली असेल तर रजा टाकू नका, उलट तोंडी परीक्षेची तारीख त्याच आठवड्यात मागून घ्या. 'र' घशात मागे करायचा, मिठाच्या पाण्याची गुळणी करताना निघतो तसा. फ्रेंच 'यू'साठी ओठ 'ऊ'चे ठेवून आतून 'ई' म्हणायचं. आरशासमोर सराव करा, पण दार लावून.

इथे एक पथ्य. कोकणातल्या नातेवाइकांकडे गेलात की घरातली म्हातारी माणसं सहज नाकात बोलतात आणि तुम्ही पोरं फिदीफिदी हसता. तोच अनुनासिक मॅडमनी काढला की त्याला सौंदर्य म्हणायचं असतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं वर्गात चुकूनही बोलू नका.

लिहिलेलं आणि बोललेलं यांचा मेळ बसवायला जाऊ नका. पक्ष्यांचं फ्रेंच अनेकवचन लिहायला सात अक्षरं लागतात. वर्णमालेत शिकवला तसा उच्चार त्यांतल्या एकाचाही होत नाही. सात जण मिळून जेमतेम 'वाझो' म्हणतात. सरकारी कचेरी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. 'मी बोलतो', 'तू बोलतोस' आणि 'ते बोलतात' यांची क्रियापदं लिहायची तीन तऱ्हांनी आणि म्हणायची एकाच तऱ्हेने, 'पार्ल'. शेवटची अक्षरं फक्त मार्क कापण्यासाठी असतात.

४. लिंग पाहून दचका.

मॅडम इंग्रजीतून सांगतील की फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, किती विचित्र, नाही? यावर पूर्ण वर्गाने 'ओह माय गॉड' म्हणायचं असतं. तुम्हीही म्हणा. आपण तो पंखा, ती खुर्ची आणि ते टेबल अशा घरात वाढलो, आपल्याकडे दोन नाही तर तीन लिंगं आहेत, आणि पेन 'तो' की 'ते' यावरून पुण्यात अजून एकमत नाही, हे त्या क्षणी विसरा. फ्रेंच इथे इंग्रजीच्या खिडकीतून शिकायची असते. त्या खिडकीतून तीन लिंगांचं घर दिसत नाही.

पाठांतर आलंच. फ्रेंच टेबल बाई आहे, खुर्चीही बाई आहे, पुस्तक बुवा आहे. सूर्य पुरुष, ठीक. पण चंद्र स्त्री. म्हणजे चांदोबाची चांदोबाई झाली आणि मामाची मामी. हे धाकट्या भावंडाला जेवताना सांगू नका, घास अडकेल. उलट मिशी आणि दाढी फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगीच आहेत, आणि कितीही मिशाळ पुरुष उभा असला तरी 'व्यक्ती' तिकडेही 'ती'च राहते. एवढे आयते मार्क पदरात असताना ते घोकून मिळवल्याचं दाखवा. आयतं येतं म्हटलं की लोक शिकवणीचे पैसे परत मागतात.

५. 'तू' आणि 'व्हू' यांचा गुंता करून घ्या.

जवळच्याला 'तू', मोठ्या किंवा परक्या माणसाला 'व्हू'. तू आणि तुम्ही. समजलं? समजलं असेल तर तसं दाखवू नका. या धड्याला तीन तास राखून ठेवलेले असतात.

६. 'माझे कुटुंब' हा निबंध लिहिताना कुटुंब बदला.

परीक्षेला हा निबंध हमखास येतो, आणि इथेच होतकरू मुलं घात करून घेतात. ती खरं लिहायला जातात. बाबा महावितरणमध्ये लाइनमन आहेत, हे फ्रेंचमध्ये लिहायचा हट्ट धरलात की मेलात. बाबांना डॉक्टर करा. आईला शिक्षिका करा. भाऊ नसेल तर एक घ्या, असेल तर त्याला फुटबॉल खेळायला लावा. पाळीव प्राणी मांजर. राहणं मोठ्या घरात, मागे बाग. वन-बीएचकेत बाग कुठून येणार हे तपासायला बोर्डाचा माणूस येत नाही.

नाती कमी करा. काका, मामा, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा या चौघांना मिळून फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे, 'आँक्ल'. आत्या, मावशी, काकू, मामी, चौघी मिळून एक 'ताँत'. लग्नाच्या पंगतीत या चौघींना एका ओळीत बसवून पाहिलं असेल तर फ्रेंच भाषेचं धाडस तुमच्या लक्षात येईल. सासूला मात्र 'बेल-मेर' म्हणतात. शब्द फोडला तर 'सुंदर आई'. सावत्र आईलाही तोच शब्द. ही माहिती परीक्षेपुरती ठेवा, आईला स्वयंपाकघरात सांगू नका. तिची सासू पलीकडच्या खोलीत बसलेली असते.

जेवणात चीज आणि क्रोआसाँ लिहा. पिठलं लिहू नका. ते कशाचं, कसं, हे समजावण्यात शब्दमर्यादा संपते. ब्रेडला 'पँ' म्हणतात. मधल्या सुट्टीत हातातल्या वडापावातला 'पाव' पोर्तुगिजांकडून आला आणि तो या 'पँ'चा सख्खा चुलतभाऊ आहे, दोघांचं मूळ एकच लॅटिन. अननस तर तिकडेही 'अनाना'च, शेवटचा 'स' कोणी म्हणतात, कोणी गिळतात. असं काही सुचलं तर पाव खाऊन टाका आणि विसरा. व्युत्पत्तीला मार्क नाहीत.

७. अक्षरांवरची चिन्हं उभी काढा.

फ्रेंच स्वरांच्या डोक्यावर तिरक्या रेघा असतात, काही उजवीकडे कललेल्या, काही डावीकडे. कुठली कुठे हे आठवेना तर रेघ सरळ उभी मारा. तपासणाऱ्या बाईंना ती आपल्या सोयीने कलवून घेता येते. थकलेला परीक्षक मनाने दयाळू असतो.

टोपीसारखं एक चिन्ह आहे. पुष्कळ ठिकाणी ती टोपी एका मेलेल्या 'स'ची समाधी असते. 'हॉस्पिटल'मधला 'स' फ्रेंचांनी बोलायचा सोडला, मग लिहायचाही सोडला आणि त्याच्या आठवणीत अलीकडच्या स्वराला टोपी घातली. काही शब्दांवरची टोपी काढली तरी चालेल अशी शिफारस १९९० साली झाली. २०१६ मध्ये शालेय पुस्तकं तिच्याप्रमाणे छापायचं ठरताच फ्रान्समध्ये टोपीच्या बचावासाठी लोक खवळून उठले. हसू नका. आपण १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'नांव' आणि 'कांहीं' यांवरचे न बोलले जाणारे अनुस्वार काढले, तरी एखाद्या लग्नपत्रिकेत ते टिंब आजही हात जोडून उभं दिसतं. ही जोडी उत्तरपत्रिकेत लिहिलीत तर 'विषयांतर' असा शेरा मिळेल.

८. इतिहास काढू नका.

हुशारी दाखवायची खुमखुमी अनेकांना असते. फ्रेंच ही आपल्याला नवीन भाषा आहे असं मॅडम म्हणतील, तेव्हा मान डोलवा. अठराव्या शतकात दख्खनेत वावरणाऱ्या फ्रेंच सेनानी मस्यू बुसीला मराठी कागदांत 'मुसा बुसी' केलं होतं, हे सांगायला हात वर करू नका. ते कागद लिहिणाऱ्या कारकुनाने कुठल्याही क्लासला न जाता, नुसतं कानाने ऐकून 'मस्यू'चा 'मुसा' लिहिला. तुम्ही दोन वर्षं शिकून तोच शब्द 'मॉन्सियर' असा वाचता. तुलना तुमच्या बाजूने जात नाही.

९. ऐकू नका.

पेपर लेखी असतो. उतारा इंग्रजीत भाषांतरित करा, गाळलेल्या जागा भरा, क्रियापद चालवा. तोंडी परीक्षेचे दहा प्रश्न आधीच मिळतात, आणि तुमचं नाव काय हा त्यांतला पहिला असतो. फ्रेंच सिनेमा, फ्रेंच बातम्या, फ्रेंच गाणी यांपासून लांब राहा. ती माणसं आपल्या पाठ्यपुस्तकासारखी बोलत नाहीत, आत्मविश्वास जातो.

पालकांनी युरोप टूर बुक केली असेल तर मात्र माझी सहानुभूती तुमच्याबरोबर आहे. पॅरिसच्या मेट्रोत अख्ख्या ग्रुपसमोर बाबा म्हणणारच, 'विचार की रे तिला, एवढं फ्रेंच घेतलंयस!' अशा वेळी तिसरं वाक्य वापरा. समोरची बाई इंग्रजीत उत्तर देईल. तुम्ही खरोखरच स्वच्छतागृहात जा आणि ग्रुप पुढे सरकेपर्यंत बाहेर येऊ नका.

१०. आकडे गुपचूप सोसा.

हे सर्वांत अवघड, म्हणून शेवटी ठेवलं. एकोणसत्तरपर्यंत फ्रेंच माणूस शहाण्यासारखा वागतो. पुढे त्याला काहीतरी होतं. सत्तरला तो 'साठ-दहा' म्हणतो. ऐंशीला 'कात्र-व्हँ', म्हणजे चार-वीस. नव्वदला चार-वीस-दहा. ही लहर आजची नाही. पॅरिसमध्ये नवव्या लुईने तेराव्या शतकात तीनशे आंधळ्यांसाठी एक आश्रम काढला, त्याचं नाव 'पंधरा-वीस'. पंधरा विसे तीनशे. त्या नावाचं डोळ्यांचं हॉस्पिटल तिथे अजून चालू आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'शेजारी 'वीस सात' छापलं, तेव्हा महाराष्ट्र पेटला होता. मराठी बुडाली म्हणून टीव्हीवर चर्चा झाल्या, विधानसभेत विनोद झाले. तुमचे बाबाही तेव्हा तावातावाने बोलले असतील. त्याच बाबांसमोर 'चार-वीस-दहा-सात' घोका. ते कौतुकाने मोबाइलवर व्हिडिओ काढतील आणि फॅमिली ग्रुपवर टाकतील.

वरचं सगळं नेमाने पाळलंत तर निकालाच्या दिवशी शंभरापैकी सत्त्याण्णव कुठे जात नाहीत. घरी आल्यावर आकडा मराठीत सांगू नका. दारातच चपला काढता काढता, घसा खरवडून, नाक चोंदवून जाहीर करा: 'कात्र-व्हँ-दिस-सेत!'

बाबा विचारतील, म्हणजे किती रे? मग एकेक शब्द सावकाश फोडून सांगा: चार, वीस, दहा, सात. बाबा मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर उघडतील. चार अधिक वीस अधिक दहा अधिक सात, एक्केचाळीस. त्यांचा चेहरा पडेल. आई पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहील.

तेवढ्यात आतल्या खोलीतून, लसूण सोलता सोलता, आजीचा आवाज येईल: 'अरे, चार विसा नि सतरा म्हणतोय तो. सत्त्याण्णव पडलेत पोराला. पेढे आणा.'