बदलीचा मोसम

सरकारी बदल्यांची सर्वसाधारण मुदत 3 वर्षांची आणि मोसम एप्रिल-मेचा, असे 2005 च्या अधिनियमाने मुक्रर केले असले, तरी धारणी अथवा भामरागडसारख्या दुर्गम ठिकाणी रुजू होण्याचा हुकूम हाती पडताच शल्यविशारदाच्या कालपर्यंत धडधाकट असलेल्या मातुःश्रींना पुण्याबाहेर ज्यावर उपचारच संभवत नाहीत असा दुर्धर विकार कसा जडतो, याचा खुलासा कोणत्याही वैद्यकग्रंथात सापडत नाही. कन्येची शाळा, पत्नीची नोकरी ही कारणे अर्जात यथासांग नमूद होतात. सायंकाळचा खाजगी दवाखाना तेवढा विनयाने वगळला जातो. भूलतज्ज्ञावाचून शल्यविशारद तेथे जाऊन करणार काय, हा त्याचा सवाल अगदी वाजवी आहे. फक्त भूलतज्ज्ञाच्या अर्जातही शल्यविशारदाविषयी नेमका हाच सवाल असतो.