दिवसा राम, रात्री कृष्ण

कला सर्वांसाठी असते, हे माझं जाहीर मत. सावंतवाडीच्या मोती तलावाच्या कट्ट्यावर जो सापडेल त्याला मी ते ऐकवतो. माझी स्वतःची आर्ट गॅलरी आहे. घरचे तिला दुकान म्हणतात, पण घरच्यांना कुठे दृष्टी असते! चित्रं चार भिंतींत कोंडू नयेत, उघड्यावर तलावाकाठी मांडावीत, हेही माझंच मत. सावंतवाडीच्या पावसाचं मत वेगळं पडतं, म्हणून जून ते सप्टेंबर लोकांना माझी फक्त ताडपत्री बघायला मिळते.

‘कला सर्वांसाठी’ या मताचा खरा मान मात्र इथल्या राजवाड्याचा. गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, संपत आलेली पाहून शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले या राजदांपत्यानं १९७०च्या दशकात कारागीर थेट दरबार हॉलमध्ये बसवले. राणीसाहेब स्वतः कुंचला धरत. आजही तिकीट काढून कुणीही आत जावं आणि रुपयाहून थोड्या मोठ्या चकतीवर मत्स्यावतार उतरताना बघावा.

आता गंजिफेचा विषय निघालाच आहे तर (या शब्दांवर गिऱ्हाईक घड्याळ बघतं) सांगून टाकतो. दशावतारी संच १२० पानांचा. अवतार १०, प्रत्येकाची पानं १२: राजा, प्रधान आणि एक्का ते दहल्या. भिडू तिघे, प्रत्येकी ४० पानं. पहिल्या पाच अवतारांत दहल्या मोठा. पुढच्या पाचांत मात्र एक्काच दहल्याला खातो. डाव दिवसाचा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतरणार, रात्रीचा असेल तर कृष्णाचा. पत्त्यांना सूर्य मावळल्याचं कळतं, असा दुसरा खेळ दाखवा! इथवर येईतो गिऱ्हाईक चितार आळीत लाकडी आंब्याचा भाव करत असतं.

माझा संच काचपेटीत आहे, वर पाटी: ‘हात लावू नये’. बाजारातून परतणारी एक म्हातारी टोपली टेकून तो न्याहाळत राहिली.

‘‘बाबा, ही पानां खेळूची काय नुसती बघूची?’’

मी परंपरा, लाखकाम, वारसा असं बरंच बोललो.

‘‘म्हंजे तुका खेळूक येना नाय,’’ म्हणाली आणि टोपली उचलून गेली. बाईंना कलेची जाण नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. नाकाशी चकती धरून कुणी श्वास रोखून रेघ ओढत असतो आणि समोरचा विचारतो, ‘‘छापील स्वस्तात नाही का?’’ मग ‘वारसा जपला पाहिजे’ म्हणत फोटो काढून निघतो. वारसा फोटोनं जपत नाही. पानं झिजली, तरच कारागिराला नवा संच करायला सांगणारा कुणी उरेल.

तेव्हा सावंतवाडीला आलात तर हातानं रंगवलेला संच घ्या, तिघं जमवा आणि पिसून वाटा. कारागिराशी घासाघीस मात्र करू नका.