घरचं बरं असावं कसं

शहापूर-मुरबाडकडे कुणाला तोंडावर श्रीमंत म्हणत नाहीत. ‘त्यांचं घरचं बरंय’ म्हणतात. हे ‘बरं’ तीन पिढ्या टिकवायचं शास्त्र आहे आणि त्यावर मराठीत मार्गदर्शन नाही. प्रस्तुत लेखक स्वतः तिसरी पिढी असल्यामुळे ही उणीव भरून काढत आहे.

नियम पहिला. घर नीट पाहून जन्म घ्यावा. इथे चुकलेल्यांनी पुढचे नियम वाचून डोळ्यांना त्रास देऊ नये.

नियम दुसरा. आजोबा वाचणारे असावेत. 1 एप्रिल 1957 ला कूळ कायद्यानं कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. त्याआधीच आमच्या आजोबांनी कायदा वाचला होता, कुळांना वाचता येत नव्हतं. मग कुळांनी ‘राजीखुशीनं’ जमिनी सोडल्या. खुशीच्या कागदावर अंगठे आहेत. घरात ही हकिगत ‘आजोबांना फार दूरदृष्टी’ या मथळ्याखाली सांगतात, आणि ती जेवणानंतर सांगायची पद्धत आहे.

नियम तिसरा. प्रत्येक वारसाकडे कष्टाची एक गोष्ट हवी. बाबांची अशी : ते आसनगाव स्टेशनापर्यंत चिखल तुडवत जायचे, तिथून गाडीनं कल्याणला शिकायला. गोष्ट खरी आहे. फक्त त्यांची पिशवी आणि कोरड्या चपला घेऊन गडी बरोबर चालायचा, हा तपशील गोष्ट लांबते म्हणून गाळावा. मी ठाण्याच्या होस्टेलवर स्वतः कपडे धुतल्याचं सांगतो. किती दिवस, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

नियम चौथा. मुलाला शिकवू नये, ओटीवर खेळायला सोडावं. पुढचं ओटी बघून घेते. खुर्ची कुणाला, सतरंजी कुणाला, पायरीवर कोण टेकतो आणि खळ्यात कोण उभाच राहतो, हे चौथ्या वर्षापर्यंत पोराला तोंडपाठ होतं. वळचणीला एक कप उपडा ठेवलेला असे. तो कुणाचा, ते मला कुणीही सांगितलं नाही आणि मी त्यातून कधी चहा प्यायलोही नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नाला कर्ज काढून वर्षानुवर्षं मालकाकडे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. वेठबिगारीवर बंदी आली 1976 साली. आमच्याकडे त्यानंतर गड्याला ‘घरचाच माणूस’ म्हणू लागले.

तो घरचा माणूस म्हणजे म्हाताऱ्या गड्याचा मुलगा. पहिल्या पावसाला तो मला कंदील देऊन बांधावर न्यायचा. मुठा पकडायचा तर मागून, पाठीवर अंगठा दाबून. पुढून हात घातलास तर नांगी बसलीच म्हणून समज. वलगणीला मासे पाण्याविरुद्ध चढतात, तेव्हा खालून हुसकू नये, वरच्या तोंडाला गप बसून राहावं. मला शेतीतलं जे काय येतं ते एवढंच, आणि ते सगळं त्याचं. सातबाऱ्यावर या गोष्टीला रकाना नाही. असो, मार्गदर्शनाकडे वळू.

नियम पाचवा. सरकार रस्ता काढेल तेव्हा आपली जमीन वाटेत असावी. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 ला सुरू झाला, आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. आमचं एक खाचर त्यात गेलं आणि पैसे खात्यात आले. खातं सातबाऱ्यावरच्या नावाचं असतं, लावणीला वाकलेल्या पाठीचं नसतं. गड्याच्या घरी त्या दिवाळीला दोन जोड कपडे दिले.

इथे नवशिके घसरतात. मोबदला आला की काळी गाडी घेतात आणि हळदीला डीजे लावून अख्खं गाव जागवतात. ज्यांचं घरचं जुनं बरं आहे ते ठाण्यात फ्लॅट घेतात, बाकीची ठेव ठेवतात आणि ओटीवर बसून त्या गाडीवाल्यांना नावं ठेवतात. मीही ठेवतो. त्यात सुख आहे, खोटं कशाला सांगू!

नियम सहावा. बहिणींवर माया करावी. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क 1994 ला दिला, देशानं 2005 ला. यावर खानदानी उपाय म्हणजे हक्कसोडपत्र. ते नोंदणीकृतच करावं, साध्या कागदावर भागत नाही. त्या दिवशी बहिणीला घरून गाडी पाठवावी, सही झाल्यावर मिसळ खिलवावी आणि पैठणी द्यावी. ताईनं सही केली, मिसळ अर्धी टाकली आणि म्हणाली, “दादा, आईच्या नथीचं तेवढं बघ हं.” नथ बँकेच्या लॉकरमध्ये आहे. लॉकर माझ्या बायकोच्या नावावर आहे. मी बघितलेलं नाही.

नियम शेवटचा, पूर्ण व्यवहारी. वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज द्यावा. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र जोडावं. तलाठी फेरफार लिहितो. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो.

बाबांच्या वेळी नोटीस चावडीवर लागली होती. गड्याचा नातू बारावी झालाय, त्यानं ती उभ्यानं पूर्ण वाचली. पंधरा दिवसांत हरकत आली नाही.